वाघाच्या पायाखालचे गवत

विदर्भात सिंह नाही. नर्मदेच्या दक्षिणेला तो कधी नांदत होता, अशी खात्रीची नोंदही मिळत नाही. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानच्या उघड्या मुलखातून एकोणिसाव्या शतकात तो बंदुकीने संपवला गेला. जुनागढच्या नवाबांनी गीरमध्ये राखला म्हणून तेवढा उरला. 2025च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह भरले. पण सिंहाला जी भूमी मानवते, म्हणजे पावसाळ्यात कमरेइतके वाढणारे गवत आणि त्यात मोकळी मोकळी उभी झाडे, ती मात्र नागपूरच्या चहूबाजूंना आहे. पेंचला जा, बोरला जा, उमरेडच्या पुढे कऱ्हांडल्याला जा, खाली ताडोब्याला जा. झाडांच्या मधून ऊन थेट जमिनीवर पडते आणि त्या उन्हात गवत वाढते. अशा प्रदेशाला सवाना म्हणतात आणि तो आफ्रिकेत असतो, एवढे आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकलो. तो आपल्या दारात आहे हे कोणी सांगितले नाही. त्यामुळे त्याच्यातली झाडे आपण जपतो, वाघ जपतो आणि गवताकडे पाहायचे राहून जाते.

जंगल म्हटले की नजर शेंड्याकडे जाते. सरकारी मोजणीही तशीच आहे. किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के पर्णछत्र उपग्रहाला दिसले की भारतीय वन सर्वेक्षण त्या जागेला वनाच्छादन म्हणते. खाली काय उगवते याला त्या आकड्यात जागा नाही. 2011मध्ये जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहून नेमका इथेच प्रश्न उभा केला. भारतात ज्याला कोरडे पानगळीचे जंगल म्हणतात, त्यातला बराच भाग प्रत्यक्षात सवाना आहे, असे त्यांचे म्हणणे. ओळखायचे कसे, तर झाडे किती दाट आहेत हे न मोजता झाडांखाली काय आहे ते पाहायचे. खऱ्या घनदाट जंगलात जमिनीवर अंधार असतो. तिथे ऊनप्रिय गवत तग धरत नाही आणि आग शिरत नाही. सवानात गवताचा अखंड थर असतो, तो दरवर्षी वाळतो, चरला जातो, कधी जळतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो. झाडेही या चक्राला सरावलेली असतात. साल जाड, आणि वरचा कोंब जळाला तरी मुळातून पुन्हा धुमारा. सागाचे रोपटे बघा. कित्येक वर्षे ते उन्हाळ्यात वरून मरते, पावसाळ्यात फुटते, खालचे मूळ मात्र जाड होत राहते. एखाद्या बऱ्या वर्षी ते एकदम झेप घेऊन आगीच्या टप्प्याबाहेर जाते. पळस आणि तेंदू याच वळणाचे.

या गवतांची अन्न शिजवण्याची रीतही निराळी आहे. हवेतला कर्बवायू ती पानात आधी एका जागी दाटवतात आणि मग वापरतात. रणरणत्या उन्हात आणि कमी पाण्यात ही रीत भारी पडते, सावलीत मात्र ती अंगाशी येते. ज्वारी, मका, ऊस हे याच घरातले. शिवालिकच्या खडकांतल्या पुराव्यावरून अशी गवते भारतीय उपखंडात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच पसरू लागली होती असे दिसते. तेव्हा कुऱ्हाड हातात घेणारा माणूस पृथ्वीवर नव्हता. माळ म्हणजे तोडलेले जंगल, ही आपल्याकडे घट्ट बसलेली समजूत म्हणूनच तपासून घ्यायला हवी. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पश्चिम महाराष्ट्रापुरती ती मराठी साहित्यातूनच तपासली. जुन्या ओव्या, कथा, चरित्रे यांत येणारी झाडेझुडपे त्यांनी नोंदली, आणि ती प्रामुख्याने उघड्या, काटेरी माळाची निघाली. तिथले माळ किमान साडेसातशे वर्षे माळच आहेत, हा त्यांचा निष्कर्ष.

विदर्भातल्या गवतांची नावे गुराख्यांना पाठ असतात, शहरातल्या निसर्गप्रेमींना क्वचित. मारवेल हे काळ्या जमिनीतले, ढोरांचे आवडते. पवन्या मुरमाड उतारावर. तिखाडीला चोळले की वास येतो. तिचे तेल काढण्याचा धंदा एकेकाळी मेळघाट-बैतूलकडे जोरात होता. आणि कुसळी. पावसाळा सरताना कुसळीच्या माळावरून चालून आले की पायमोजे उपसत बसावे लागते. उपसता उपसता एखादे बी तळहातावर घेऊन पाहावे. पुढे सुईसारखी अणी, अणीवर मागे वळलेले बारीक राठ केस, आणि मागे बोटभर लांबीची काळसर शेपटी, मध्येच वाकलेली. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ सुटत शेपटी गोल फिरू लागते, आणि वाळली की पुन्हा पीळ भरतो. जमिनीवर पडलेले बी रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या बळावर असे फिरत फिरत स्वतःला मातीत रुतवते. केस मागे वळलेले असल्याने ते आत जाते, बाहेर येत नाही. चैत्र-वैशाखात वरून आग गेली तरी बोटभर मातीखालचे बी शाबूत राहते. एवढी तयारी एका वर्षात होत नसते. आग, चराई आणि कोरडा काळ यांच्याशी लाखो वर्षे पडलेली ही गाठ आहे.

आता सिंहाकडे आणि वाघाकडे. जॉर्ज शॅलर या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1963 ते 1965 या काळात कान्हात राहून वाघ आणि त्याचे भक्ष्य यांचा अभ्यास केला, आणि तिथून तो आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंहांकडे गेला. एकाच माणसाच्या नजरेखालून दोन्ही मांजरे गेल्यामुळे त्यांच्यातला फरक नीट नोंदला गेला. सिंह हा मांजर कुळातला एकमेव खरा कळपवाला. माद्या एकमेकींच्या नात्यातल्या, पिल्ले जवळपास एकाच वेळी घालणाऱ्या, एकमेकींच्या पिल्लांना पाजणाऱ्या. वरवर वाटते की मोठी शिकार पाडायला कळप लागतो. पुढच्या अभ्यासकांना, विशेषतः क्रेग पॅकर यांना, जास्त जोरकस कारणे दिसली. उघड्या माळावर केलेली शिकार लपत नाही, तरस आणि गिधाडे लांबून येतात. परका नर कळपावर ताबा मिळवतो तेव्हा आधीची पिल्ले मारतो, आणि ती वाचवायला एकटी आई पुरत नाही. पाणवठ्याजवळची चांगली जागा शेजारच्या कळपापासून राखायची तर संख्या लागते. म्हणजे भूमी उघडी असल्यामुळे सिंह एकत्र आला. गीरमध्ये भक्ष्य लहान आणि झाडी जास्त, म्हणून तिथले कळपही लहान असतात आणि नर बहुतेक वेळ माद्यांपासून वेगळे फिरतात.

वाघाला आडोसा लागतो. तो दबा धरून शेवटच्या काही मीटरांत झेप घेतो, आणि मारलेले सांबर बांबूच्या बेटात ओढून नेले की वाटेकरी येत नाहीत. त्याचे एकटेपण त्यातून आले. पण वाघ घनदाट रानाचा प्राणी आहे असे त्यावरून समजणे चूक. त्याचा आडोसा पुष्कळदा गवताचाच असतो. ऑक्टोबरातल्या उंच पिवळ्या गवतात पाच पावलांवर बसलेला वाघ दिसत नाही, कारण त्याचे पट्टे उभ्या काड्यांत आणि त्यांच्या सावल्यांत विरघळतात. आणि त्याचे पोट तर पूर्णपणे गवतावर चालते.

हिशेब साधा आहे. एका वाघाला वर्षाकाठी साधारण पन्नास मोठे प्राणी लागतात. चितळ-सांबरांच्या कळपांतून दरसाल दहा टक्के उचलले गेले तर कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे सुमारे पाचशे खूरवाले हवेत. हा अंदाज वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांच्या कामामुळे आपल्याकडे रूढ झाला. 2022च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात 444 वाघ आहेत, आणि त्यातले जवळजवळ सगळे विदर्भात. त्यांच्यामागे लागणारे खूरवाले मनातल्या मनात मोजून पाहा, आणि मग त्या कळपांना रोज लागणारा चारा. चितळ पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मुख्यतः कोवळे गवत खातो, उन्हाळ्यात पडलेली पाने, मोहफुले, वानरांनी झाडावरून टाकलेला पाला यांवर निभावतो. रानगवा गवत आणि बांबू खातो. कान्हाचा बारशिंगा तर जवळजवळ फक्त गवतावर जगतो. 1970मध्ये तो 66वर आला होता. कुरणे मोकळी झाली, कुंपण घालून पैदास राखली गेली, तेव्हा तो सावरला. कुरण आटले तर चितळ शेताच्या धुऱ्यावर येतो, त्याच्यामागे वाघ येतो, आणि मग गावात जे घडते ते आपण चंद्रपूरच्या बातम्यांत वाचतो. माणूस आणि वाघ यांच्या झगड्याला पुष्कळ कारणे आहेत, पण चाऱ्याचे कारण त्यात फार वर आहे असे मला वाटते, आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते.

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वात जुने राष्ट्रीय उद्यान, 1955चे. तिथे पर्यटक ज्या कुरणांवर वाघ पाहायला गर्दी करतात, त्यातली नवेगाव आणि जामणी ही पुनर्वसित गावांची शेते आहेत. मेळघाटात 2001 ते 2003च्या दरम्यान बोरी, कोहा, कुंड ही गावे हलली. तिथल्या भाताच्या, ज्वारीच्या वाफ्यांवर आज गवत आहे. त्या गवताखाली कोणाची तरी घरे, देवाची ठाणी, आंब्याची झाडे होती, हे विसरून त्या कुरणाचे कौतुक करता येत नाही. जी माणसे उठली त्यांना दिलेले शब्द पाळले गेले की नाही, हा प्रश्न कुरण हिरवे झाल्याने मिटत नाही.

शेत सोडले की आपोआप कुरण होते असेही नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत तिथे तरोटा, गाजरगवत आणि रानतुळस माजते. चितळ त्यांना तोंड लावत नाही. कडेने रायमुनिया आत सरकते. काही जागी बोर आणि पळस इतके दाटतात की खालचे ऊन संपते. मेळघाटात गवताचे अभ्यासक गजानन मुरतकर आणि वनविभाग यांनी वर्षानुवर्षे जे काम केले, त्याचे मर्म वेळेत आहे. तण फुलावर येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटायचे. फुलानंतर उपटले तर बी पसरवल्यासारखेच होते. चांगल्या बारमाही गवताचे बी हिवाळ्याच्या तोंडाशी गोळा करायचे, आणि पुढच्या पावसाळ्यात ते टाकायचे. हे वनमजुरांच्या हातांचे काम आहे, चिखलात वाकून, ओळीने. वाघाच्या छायाचित्रांत ते हात कधी येत नाहीत.

आगीबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, रात्रपाळीचे पहारे बसतात. विदर्भात बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणून जाळतात. सवानाला आग परकी नाही, हे वर आलेच. पण थंडीच्या शेवटी हलकी, तुकड्यातुकड्याने लागणारी आग वेगळी, आणि मे महिन्यात दरवर्षी सरसकट भडकणारा वणवा वेगळा. दुसऱ्यात सागाची रोपटी सुटत नाहीत, जमिनीवरची घरटी सुटत नाहीत, आणि आग विझल्यावर चितळाला पाऊस पडेपर्यंत खायला काही उरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने 2012मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. फांद्या छाटल्या जातात, आग लागते आणि तेंदूची फळे जातात, हे त्यांचे कारण. उत्पन्न त्यांनी बांबूतून उभे केले. तेंदूच्या रोख पैशावर पाणी सोडण्याचा निर्णय गावाने स्वतः बसून घेतला, याचे मोल कोणत्याही वनाधिकाऱ्याच्या आदेशापेक्षा जास्त आहे.

राखीव जंगलात निदान पहारा आहे. बाहेरच्या गवताला वाली नाही. देशाच्या पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह निघतो त्यात माळ आणि झुडपाळ जमिनी पडीक म्हणून रंगवलेल्या असतात. पडीक म्हटले की तिथे काहीही करावे, कारखाना काढावा, सौर पट्ट्या मांडाव्यात, गिरिपुष्पाची रोपे लावावीत. माळढोक पक्ष्याच्या नशिबी हेच आले. चंद्रपूर जिल्ह्यातला वरोऱ्याचा परिसर हा विदर्भातला त्याचा शेवटचा आसरा ठरला. अकोला-वाशिमच्या माळांवर तणमोर पावसाळ्यात येतो. त्याचा नर गवतातून उभ्याने वर उडी घेतो आणि पुन्हा गवतात पडतो, दिवसातून शेकडो वेळा, मादीला दिसावे म्हणून. गवत फार खुरटले तर त्याला लपायला जागा नाही, फार दाटले तर त्याची उडी मादीला दिसत नाही. तिथे फासेपारधी समाजाने ‘संवेदना’ या संस्थेच्या साथीने हे गवत आणि हा पक्षी राखायचे काम अंगावर घेतले आहे. ज्यांच्यावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि स्वातंत्र्यानंतरही ज्यांचा तो पुसला गेला नाही, त्या समाजाला तणमोर कुठे बसतो, कधी जोडी जमवतो हे कोणत्याही संशोधकाच्या आधीपासून माहीत होते.

पूर्व विदर्भात या बाहेरच्या गवताला महसुली दप्तरात एक खास जागा आहे: झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या जुन्या मध्य प्रांताच्या नोंदींतून ही जमीन आली. मालगुजारी काळात गावाची गुरे जिथे चरत, सरपण जिथून येई, ती ही बरड, झुडपाळ जागा. 1956मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा नोंदीही आल्या. मग 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कागदोपत्री जे जंगल आहे ते जंगलच. झुडपी जंगल त्यात अडकले. तोवर त्यातल्या पुष्कळ जागी वस्त्या, शाळा, कचेऱ्या, स्मशाने उभी होती. राज्य सरकार सुमारे 86 हजार हेक्टर वगळून मागत होते. 22 मे 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच. 1996च्या आधी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राकडे रीतसर मंजुरी मागण्याची सोय, जंगलाला न लागून असलेले तीन हेक्टरांहून लहान तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे, आणि पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन सहजी वापरायची नाही. बिगरवन जमीन उपलब्धच नाही असे मुख्य सचिवांनी प्रमाणित केले तरच ती वापरता येईल, आणि तीही दुप्पट क्षेत्रावर.

कागदावरचे हे तुकडे वाघाला कसे लागतात, हे टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघाने दाखवले. रेडिओ कॉलर लावलेला हा तरुण नर 2019च्या उन्हाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातून निघाला आणि तेलंगणातून, कपाशी-तुरीच्या शेतांतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलरच्या नोंदींनी तीन हजार किलोमीटरांवर चाल दाखवली. तो बहुतेक रात्री चाले आणि दिवसा नाल्याच्या काठच्या झाडोऱ्यात, गवताच्या पट्ट्यात पडून राही. 2019च्याच नोव्हेंबरात नागपूरच्या मिहान परिसरात वाघ दिसला, तोही अशाच उघड्या, झुडपाळ जागेत. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 च्या पुलांखालून प्राण्यांसाठी नऊ वाटा बांधल्या, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघांसह 18 जातींचे प्राणी त्यांतून जाताना टिपले गेले. पूल झाला म्हणून वाट झाली असे मात्र होत नाही. पुलाच्या दोन्ही तोंडांशी आडोसा लागतो, आणि पुढे दर काही कोसांवर दिवस काढायला गवत लागते.

म्हणून निकालातल्या वनीकरणाच्या कलमाकडे मी सर्वात जास्त आशेने आणि काळजीने पाहतो. झुडपी जमिनीवर झाडे लावायला न्यायालयाने बंधन घातले, पण जिथे परवानगी मिळेल तिथे काय लावले जाईल हे आपल्या हातात आहे. आजवरची पद्धत अशी की माळावर ओळीने खड्डे खणायचे, तीन वर्षे पाणी द्यायचे आणि जगलेली रोपे मोजायची. खड्डे खणताना कुसळी, पवन्या, मारवेल मुळासकट निघतात, आणि त्यांची मोजणी कोणी करत नाही. या गवतांनी कर्बाचा मोठा वाटा जमिनीखाली, मुळांत साठवलेला असतो, तिथे आग पोहोचत नाही. उन्हाळ्यात करपून जाणाऱ्या रोपांच्या तुलनेत तो ठेवा जास्त भरवशाचा आहे. वनविभागाने कोणत्याही झुडपी तुकड्याचा आराखडा करण्याआधी तिथल्या गवतांची यादी करावी. ती उन्हाळ्यात होत नाही, कारण तेव्हा सगळे गवत सारखेच दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात, तुरे आलेले असताना, गावातल्या एखाद्या जुन्या गुराख्याला सोबत घेऊन ती एका दिवसात होते. यादीत बारमाही गवते निघाली तर त्या तुकड्यावर एकही खड्डा खणू नये, रायमुनिया काढावी आणि चराईचे पाळीपाळीने पट्टे ग्रामसभेकडे सोपवावेत.